डोळ्यांस विसावा



मनुष्याच्या पाचही ज्ञानेंद्रियांत डोळ्यांचे स्थान फार वरचे आहे. शाळेत आपण जे शिकतो त्यातील बराच मोठा भाग डोळ्यांच्याच वाटेने मनात शिरतो. फळ्यावरील अक्षर, पुस्तकातील नकाशा, परीक्षानळीत पालटणारा रंग, ह्या सर्वांची ओळख प्रथम डोळ्यांस होते आणि मग बुद्धीस. शुभवर्तमानात डोळ्यास दिव्याची उपमा दिलेली आहे. ती उपमा आपल्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींस सहज पटेल. कारण कंदिलाची काच पुसावी, वात कातरावी आणि तेल संपण्यापूर्वी भरावे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. शरीराच्या ह्या दिव्याची निगा मात्र आपण क्वचितच राखतो. तो बिनतक्रार जळत असतो तोवर त्याची आठवणही होत नाही, आणि तो मंद होऊ लागला म्हणजे धावाधाव सुरू होते.

आपल्या वाडवडिलांच्या काळी डोळ्यांस शीण येई तो मिणमिणत्या दिव्याखाली वाचल्याने किंवा बारीक शिवणकाम केल्याने. आता त्या शिणाचे मुख्य कारण मोबाइलचा, संगणकाचा व तत्सम यंत्रांचा प्रकाशमान पडदा हे होऊन बसले आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्गातील पाठ मोबाइलमध्ये आला. लहान मुलांनी पडद्यासमोर किती वेळ बसावे, ह्याचा विचार सरकारलाही करावा लागला. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पहिली ते आठवीच्या मुलांस दिवसातून ३० ते ४५ मिनिटांचे जास्तीत जास्त दोन पाठ, आणि नववी ते बारावीच्या मुलांस तेवढ्याच अवधीचे जास्तीत जास्त चार पाठ, अशी मर्यादा घातली होती. पुढे शाळा उघडल्या, फळा-खडू पुनः हाती आला. परंतु मोबाइल काही हातातून सुटला नाही. अभ्यासासाठी आलेला हा पाहुणा करमणुकीसाठी घरात राहिला, आणि त्याच्या मुक्कामास कोणी मर्यादा घातली नाही.

ह्या पाहुण्यास शिव्याशाप देण्यात अर्थ नाही. त्याच्यापासून ज्ञानही मिळते, हे नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु डोळा कसा पाहतो, तो का थकतो आणि त्यास विसावा कसा द्यावा, एवढे प्रत्येक विद्यार्थ्यास समजले पाहिजे. तेच ह्या पाठात सांगावयाचे आहे.

डोळ्याची घडण

दहावीच्या विज्ञानात नेत्राची आकृती आहे. तिच्यात सर्वांत पुढे पारदर्शक पारपटल, त्यामागे परितारिका व तिच्या मध्यभागी बाहुली, त्यामागे भिंग, आणि अगदी मागे प्रतिमा उमटते ते दृष्टिपटल, असा क्रम दाखविलेला असतो. ह्यातील भिंगाकडे विशेष लक्ष द्यावे. चष्म्याचे भिंग काचेचे व कठीण असते; डोळ्याचे भिंग मऊ व लवचिक असते. त्याच्याभोवती एका लहानशा स्नायूचे कडे आहे. आपण दूर पाहतो तेव्हा तो स्नायू सैल असतो व भिंग चपटे असते. जवळ पाहावयाचे झाल्यास स्नायू आकुंचन पावतो, आणि भिंग फुगीर होऊन जवळच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर नेमकी पाडते. ह्या सामर्थ्यास समायोजन शक्ती असे म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ह्या क्रियेचा उलगडा केला. डोळ्याच्या आत डोकावून पाहण्याचे यंत्रही १८५१ साली त्यानेच पुढे आणले.

ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. निकोप डोळ्याच्या दृष्टीने दूर पाहणे हा विसावा आहे आणि जवळ पाहणे हे श्रम आहेत. किती श्रम, ह्याचे गणितही सोपे आहे. वस्तूचे अंतर मीटरमध्ये मांडून १ ला त्याने भागावे. येईल ती संख्या म्हणजे भिंगास करावयाचे काम, डायॉप्टर ह्या मापात. पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरले तर हे काम २.५ डायॉप्टर होते. मोबाइल २० सेंटिमीटरवर धरला तर ५ डायॉप्टर, म्हणजे नेमके दुप्पट. तेच चित्र ३ मीटर दूर ठेवलेल्या दूरचित्रवाणी-संचावर पाहिले तर ते काम एक-तृतीयांश डायॉप्टर इतके अल्प राहते. सहा मीटर, म्हणजे सुमारे २० फूट, किंवा त्याहून दूर पाहताना स्नायूस जवळजवळ काहीच करावे लागत नाही. अक्षर बारीक, पडदा लहान, म्हणून मूल मोबाइल नाकाशी नेते. आणि तो जितका जवळ जातो तितके डोळ्याचे ओझे वाढते.

ह्याचा अनुभव घेण्यास एक साधा प्रयोग करावा. पेन्सिल हातभर अंतरावर उभी धरून तिच्या टोकाकडे पाहावे आणि ती हळूहळू नाकाकडे आणावी. एका ठिकाणी डोळ्यांत ओढ लागल्यासारखे वाटेल. ही ओढ भिंगाच्या स्नायूची आहे, आणि दोन्ही डोळे आत वळविणाऱ्या बाहेरच्या स्नायूंचीही आहे. आपण ती क्षणभर सोसतो आणि पेन्सिल खाली ठेवतो. मोबाइल पाहणारा मुलगा तसलीच ओढ, कमी प्रमाणात का होईना, तास-तासभर सोसत असतो.

पापणीचे काम

थकव्याचे दुसरे कारण पापणी होय. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक अत्यंत पातळ थर सदैव पसरलेला असतो. त्यात आतील बाजूस चिकट द्रव, मध्ये पाणी आणि वरती तेलाचा सूक्ष्म थर असतो. पाणी लवकर उडून जाऊ नये म्हणून हे तेल पापण्यांच्या काठावरील ग्रंथींतून येते. पापणी लवली म्हणजे तो थर नव्याने सारवला जातो. गप्पा मारताना किंवा स्वस्थ बसले असताना मनुष्याची पापणी मिनिटास सुमारे १५ वेळा लवते. पडद्याकडे टक लावली म्हणजे ती संख्या अर्ध्यावर, कित्येकदा एक-तृतीयांशावर येते, आणि लवली तरी पुरती मिटत नाही. मग अश्रूंचा थर ठिकठिकाणी विरतो, डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, लाल होतो. कोरडा पडलेला डोळा कधी कधी उलट पाण्याने डबडबतो. कारण जळजळ शमविण्यासाठी अश्रुग्रंथी एकाएकी पाणी सोडतात.

हाही प्रयोग दोघा मित्रांना करता येईल. एकाने मोबाइलवर काही वाचावे आणि दुसऱ्याने घड्याळ लावून एका मिनिटात त्याची पापणी किती वेळा लवते ते मोजावे. नंतर मोबाइल ठेवून सहज गोष्टी कराव्या व पुनः मोजावे. मोजले जात आहे हे वाचणाऱ्यास आधी सांगू नये, नाहीतर तो मुद्दाम पापण्या मिटील. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवले म्हणजे ह्या पाठाची अर्धी शिकवण आपोआप पटेल.

ह्या दोन कारणांत आणखी काही गोष्टींची भर पडते. वीज गेल्यावर अंधाऱ्या खोलीत किंवा पांघरुणात शिरून मोबाइल पाहिला तर भोवतालचा काळोख आणि पडद्याचा लखलखाट ह्यांच्या विरोधाने डोळे दिपतात. भर उन्हात काचेवर प्रतिबिंब पडते आणि अक्षर शोधावे लागते. आपल्या वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली आणि हदगाव ह्या तिन्ही बाजूंचे रस्ते एकत्र मिळतात. आजूबाजूच्या गावांहून पुष्कळ मुले एस.टी.ने किंवा जीपने शाळेत येतात, आणि प्रवासात वेळ जावा म्हणून मोबाइल काढतात. धावत्या गाडीत अक्षर एका जागी ठरत नाही. डोळ्यास ते क्षणोक्षणी पकडावे लागते. म्हणून गाडीतील अर्ध्या तासाचे वाचन घरातील वाचनापेक्षा अधिक शिणविणारे होते, आणि पुष्कळांस त्याने मळमळूही लागते.

थकवा आणि विकार

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आतापर्यंत सांगितला तो थकवा. कपाळ दुखणे, डोळे चुरचुरणे, पडद्यावरून मान वर केली असता क्षणभर दूरचे अंधुक दिसणे, मान आखडणे, ही त्याची लक्षणे होत. विसावा मिळाला म्हणजे ती जातात. मोबाइलने डोळा जळतो किंवा मनुष्य आंधळा होतो, असे जे भय घातले जाते त्यास शास्त्राचा आधार नाही. खोट्या भयाने मुलाचे भले होत नाही. आज घातलेले भय उद्या खोटे ठरले की तो खऱ्या सूचनेवरही विश्वास ठेवीनासा होतो.

परंतु निकटदृष्टिता हा निराळा विषय आहे. तीत जवळचे स्पष्ट आणि दूरचे अंधुक दिसते. मोठ्या माणसाच्या डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी सुमारे २४ मिलिमीटर असते. वाढत्या वयात डोळा प्रमाणाबाहेर लांबला तर प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. केवळ एक मिलिमीटर लांबी अधिक झाली तर सुमारे अडीच ते तीन नंबरचा चष्मा लागतो. लांबलेला डोळा पुनः आखूड होत नाही. अंतर्गोल भिंगाच्या चष्म्याने दिसू लागते हे खरे; परंतु नंबर फार वाढला तर पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटण्यासारखे गंभीर धोके वाढतात. म्हणून मुलांच्या बाबतीत खरी काळजी वाहावयाची ती ह्याची.

हा विकार मोबाइलने जन्मास घातला असे मात्र नव्हे. हेर्मान कोन नावाच्या नेत्रवैद्याने त्या वेळच्या प्रशियातील ब्रेस्लाउ शहरी व त्याच्या परिसरात १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासून १८६७ साली आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यास असे आढळले की, खेड्यांतील शाळांत निकटदृष्टिता अगदी थोडी होती. शहरांतील शाळांत अधिक होती. आणि वरच्या शाळांत तर इयत्तेगणिक तिचे प्रमाण चढत गेले होते. त्या काळी मोबाइल नव्हता, विजेचा दिवाही नव्हता. आईबापांकडून आलेला वारसा, जवळचे दीर्घकाळ काम आणि घराबाहेरच्या उजेडाचा अभाव, ह्या गोष्टी ह्या विकाराच्या मुळाशी आहेत. मोबाइलने केले ते इतकेच की, जवळचे काम पूर्वी अभ्यासापुरते होते ते त्याने करमणुकीतही आणले. पुस्तक वाचून कंटाळलेला मुलगा पूर्वी विटीदांडू घेऊन बाहेर पळे. आता तो पुस्तक मिटतो आणि मोबाइल उघडतो. डोळ्याच्या दृष्टीने त्याची सुट्टी झालीच नाही.

उजेडाचे औषध

ह्या विकाराचा प्रतिबंध कशाने होतो, ह्याविषयी गेल्या काही वर्षांत मोलाची माहिती हाती आली आहे. चीनमधील ग्वांगजौ शहरात १२ प्राथमिक शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज शाळेच्या वेळात ४० मिनिटे अधिक उघड्यावर खेळ घेतले. उरलेल्या शाळांचा क्रम पूर्वीचाच ठेवला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे पूर्वीच्या क्रमाच्या शाळांत तीन वर्षांत शेकडा ३९.५ मुलांस नव्याने निकटदृष्टिता जडली, तर अधिक खेळलेल्या मुलांत हे प्रमाण शेकडा ३०.४ राहिले. तैवानमध्ये २०१० पासून मुलांस रोज १२० मिनिटे घराबाहेरच्या उजेडात ठेवण्याचा उपक्रम शाळांतून चालविला गेला, आणि वर्षानुवर्षे चढत गेलेले मुलांतील दृष्टिदोषाचे प्रमाण तेथे काही वर्षांत उतरणीस लागले.

ह्याचे कारण असे दिसते की, बाहेरचा उजेड आणि घरातील उजेड ह्यांत आपल्याला वाटतो त्याहून फार मोठा फरक आहे. प्रकाश लक्स ह्या मापाने मोजतात. वर्गात बहुधा काही शे लक्स उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजार लक्स भरतो, आणि उघड्या उन्हात त्याच्याही कितीतरी पट. त्या भरपूर प्रकाशाने दृष्टिपटलात डोपामीन नावाचे द्रव्य अधिक स्रवते व ते डोळ्याच्या लांबण्यास आवर घालते, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. सूर्याकडे टक लावावयाची नाही, हे सांगणे नलगे. सूर्यबिंब पाहिल्याने दृष्टिपटल खरोखरच भाजते. आपल्याकडील वैशाखातील दुपारी मुलांस उन्हात हाकलण्याचीही जरुरी नाही. सकाळची व सायंकाळची वेळ, आणि दुपारी कडुनिंबाची सावली, एवढे पुरे आहे.

मोठ्या शहरांतील मुलांस ह्यासाठी मैदान शोधावे लागते. आपणांस ते शोधावे लागत नाही. गावाबाहेर चार पावले टाकली की हळद, कापूस, सोयाबीनची शिवारे आणि क्षितिजापर्यंत मोकळी नजर. पैसा न देता मिळणारे हे औषध आपल्या दाराशी असता आपण ओसरीवर मान खाली घालून बसावे, ही खेदाची गोष्ट नव्हे काय?

गैरसमज

डोळ्यांविषयी जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच दुसऱ्या अवयवाविषयी असतील. त्यांतील काहींचा येथे समाचार घेऊ.

डोळ्यात तेल घालून जपावे असे आपण म्हणतो. ती नुसती म्हण आहे. प्रत्यक्ष डोळ्यात तेल, तूप, मध, लिंबाचा रस किंवा काजळ घालू नये. त्याने जंतू शिरतात आणि पारपटलास इजा होते. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणून घालणेही तितकेच वाईट. काही थेंबांत स्टेरॉइड असते. ते दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा दुसरा भ्रम. वाढीच्या वयात डोळा वाढतो म्हणून नंबर वाढतो. चष्मा त्यास कारण नव्हे. चष्मा न लावल्याने मूल मात्र वर्गात मागे पडते.

गाजर, शेवग्याचा पाला, पपई, हिरव्या भाज्या ह्यांतील ‘अ’ जीवनसत्त्व डोळ्यांस अत्यंत आवश्यक आहे; त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो. परंतु कोणत्याही भाजीने किंवा डोळ्यांच्या व्यायामाने लागलेला नंबर जात नाही.

निळा प्रकाश अडविणारे महाग चष्मे घेतले म्हणजे मोबाइल हवा तितका पाहावा, अशीही समजूत बाजारात पसरविली जाते. ह्या विषयावरील अनेक प्रयोगांचे एकत्र परीक्षण २०२३ साली प्रसिद्ध झाले. अशा काचांनी पडद्यामुळे येणारा डोळ्यांचा शीण कमी होतो असे त्यात आढळले नाही. शीण येतो तो टक लावल्याने. काचेचा रंग बदलून टक सुटत नाही.

दोन गावांचे निश्चय

ही गोष्ट एकट्या मुलाच्या हातची आहे काय? आपल्या महाराष्ट्रातील दोन गावांनी ह्या प्रश्नाचे उत्तर आपापल्या परीने दिले आहे.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील ग्रामस्थांनी ठरविले की, रोज सायंकाळी ७ वाजता गावात भोंगा वाजावा, आणि तेव्हापासून ८.३० वाजेपर्यंत प्रत्येक घरातील मोबाइल व दूरचित्रवाणी बंद राहावी. ह्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा व मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे. प्रथम लोकांस ही गोष्ट हसण्यावारी न्यावीशी वाटली. परंतु गावातील स्त्रियांनी ती उचलून धरली, अंगणवाडी सेविका, आशा सेविका व सेवानिवृत्त शिक्षक ह्यांनी घरोघर जाऊन ती समजावली, आणि गावाची कीर्ती देशाबाहेरील वृत्तपत्रांपर्यंत गेली.

दुसरे गाव आपल्याहून फार दूर नाही. आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. त्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी ह्या गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरू नये असा ठराव केला. महामारीच्या काळात अभ्यासासाठी दिलेला मोबाइल मुले खेळासाठी वापरू लागली, हे त्या ठरावाचे कारण होते.

दोन्ही गावांचा हेतू स्तुत्य आहे; पण दोहोंत एक फरक आहे तो पाहण्यासारखा आहे. एका ठिकाणी बंदी मुलांपुरती. दुसऱ्या ठिकाणी दीड तासाचा नियम आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांस सारखा. बापाच्या हातात मोबाइल आणि मुलाच्या हातात पुस्तक, ही स्थिती फार दिवस टिकत नसते. मुलगा आपले ऐकतो त्यापेक्षा आपल्याकडे पाहतो अधिक. म्हणून ज्या नियमास वडील माणसे स्वतः बांधून घेतात तोच घरात रुजतो. भोंगा वाजविण्यास ग्रामसभा लागते. घरात मात्र घड्याळ पुरते.

विद्यार्थ्यांसाठी नियम

आता रोजच्या आचरणात आणावयाचे नियम सांगतो. ते थोडे आहेत. परंतु पाठ करण्यासाठी नसून पाळण्यासाठी आहेत.

१. पडद्यावर काम करताना दर २० मिनिटांनी मान वर करावी आणि २० फुटांहून दूरच्या वस्तूकडे निदान २० सेकंद पाहावे. खिडकीतून दिसणारे झाड, देवळाचा कळस, रस्त्यावरील गाडी, काहीही चालेल. त्या वेळी पापण्या पाच-दहा वेळा पुरत्या मिटाव्या.

२. मोबाइल कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीहून जवळ आणू नये. अक्षर दिसत नसेल तर मोबाइल जवळ न आणता अक्षर मोठे करावे. संगणकाचा पडदा हातभर दूर आणि डोळ्यांच्या किंचित खाली असावा.

३. जे ऐकून कळते ते पाहू नये. व्याख्यान नुसते ऐकता येते. जे मोठ्या पडद्यावर दूर बसून पाहता येते ते मोबाइलवर पाहू नये. जे वहीत उतरवून घेता येते ते एकदा उतरवावे आणि पुढचा अभ्यास वहीतून करावा.

४. अंधारात पडदा पाहू नये. खोलीत दिवा असावा, आणि पडद्याची तेजी खोलीतील उजेडाशी जुळती असावी. पंख्याचा वारा सरळ डोळ्यांवर घेऊ नये.

५. धावत्या गाडीत मोबाइल खिशात ठेवावा आणि खिडकीबाहेर पाहावे.

६. झोपण्यापूर्वी एक तास पडदा बंद करावा, आणि मोबाइल उशाशी ठेवू नये. रात्रीच्या प्रखर प्रकाशाने झोप आणणाऱ्या मेलाटोनिन ह्या द्रव्याची उत्पत्ती मंदावते. झोपेवाचून डोळ्यांस खरा विसावा नाही.

७. रोज दोन तास तरी घराबाहेरच्या उजेडात घालवावे. शाळेत चालत येणे, मधल्या सुट्टीत मैदानावर असणे, सायंकाळचा खेळ, शेतातील काम, ही सर्व त्या हिशेबात धरावीत.

८. डोळे चोळू नयेत. चुरचुरले तर हात धुऊन स्वच्छ गार पाण्याने डोळे मिटून तोंड धुवावे. तरीही राहिले नाही तर घरी सांगावे.

मातापित्यांस विनंती

शेवटी पालकांपाशी दोन शब्द बोलावयाचे आहेत, आणि ह्या लेखातील सर्वांत कळकळीचे ते हेच.

ज्या मुलास दूरचे दिसत नाही त्यास आपल्याला कमी दिसते हे बहुधा ठाऊकच नसते. जगाने स्पष्ट दिसावे कसे, हे त्याने कधी पाहिलेलेच नसते. तो समजतो की फळा सर्वांनाच असा धूसर दिसतो. मग तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, आणि कॉपी करतो म्हणून बोलणी खातो. फळ्यावरील गणित चुकीचे उतरवितो, आणि मंद म्हणून गणला जातो. मागच्या बाकावर बसून कंटाळतो, आणि खोडकर ठरतो. अशा मुलास शिक्षा करण्यापूर्वी त्याचे डोळे तपासावेत. एका जोड चष्म्याने जे साधेल ते शंभर छड्यांनी साधणार नाही. ही सूचना जितकी पालकांस आहे तितकीच आम्हा शिक्षकांसही आहे.

मूल डोळे बारीक करून पाहत असेल, दूरचित्रवाणीच्या अगदी जवळ जाऊन बसत असेल, मान वाकडी करीत असेल, एक डोळा झाकून वाचीत असेल, किंवा सायंकाळी डोके दुखते म्हणत असेल, तर विलंब करू नये. घरी करावयाची एक सोपी परीक्षा अशी : भिंतीवरील दिनदर्शिका वाचता येईल अशा अंतरावर मुलास उभे करावे, आणि प्रथम उजवा व नंतर डावा डोळा तळहाताने झाकून आकडे वाचावयास सांगावे. दोन डोळ्यांत फरक आढळला तर तो क्षुल्लक समजू नये. एक डोळा अधू असला तर मेंदू त्याचे काम घेणे सोडून देतो, आणि तो डोळा आळशी बनतो. ह्यावर सात-आठ वर्षांच्या आत उपाय झाला तर चांगला गुण येतो. पुढे पुढे तो कठीण होत जातो. दोन्ही डोळे उघडे असताना मुलास सारे नीट दिसते, म्हणून हा दोष घरात कोणाच्या ध्यानी येत नाही.

तपासणीस खर्च फार येतो, म्हणून पुष्कळजण ती लांबणीवर टाकतात. त्यांनी हे लक्षात ठेवावे की, अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९७६ पासून चालू आहे, आणि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके शाळांत व अंगणवाड्यांत येऊन मुलांची तपासणी करतात. तीत दृष्टीचीही तपासणी असते. त्या दिवशी मुलास शेतात किंवा लग्नास नेऊ नये, शाळेत पाठवावे. पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडून राहू नये. हिंगोलीस किंवा नांदेडास बाजारानिमित्त आपण जातोच. त्यातील एक खेप मुलाच्या डोळ्यांसाठी राखून ठेवावी. मुलीच्या बाबतीत तर ही विनंती दुप्पट आग्रहाने करावीशी वाटते. चष्मा लागला तर लग्न कसे जमेल, ह्या विचाराने मुलीस अंधुक जगात ठेवणे हा तिच्यावर मोठा अन्याय आहे. जिला फळा दिसतो तीच पुढे शिकते.

अमेरिकन मिशनच्या डॉ. वॉनलेस ह्यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले, तेव्हा मोतीबिंदूने दृष्टी गमावलेली माणसे दूरदूरच्या गावांहून बैलगाडीने तेथे येत. त्यांना पुनः दिसावे म्हणून कुशल शस्त्रवैद्याचा हात लागे. आज आपल्या मुलांपुढे जो प्रश्न आहे त्यास बहुतांशी शस्त्रही नको आणि औषधही नको. जवळची नजर मधूनमधून दूर न्यावी, पापणीस तिचे काम करू द्यावे, दिवसाचा उजेड अंगावर घ्यावा, रात्री वेळेवर झोपावे, आणि शंका येताच डोळे तपासून घ्यावेत, इतकेच त्याचे मोल आहे. ज्यांना उद्या वैद्य, शिक्षक, शेतकरी, वाहनचालक किंवा सैनिक व्हावयाचे आहे त्यांना हे डोळे आणखी पन्नास-साठ वर्षे वापरावयाचे आहेत. चष्म्याची काच बदलता येते, मोबाइल तर दर दोन-तीन वर्षांनी नवा येतो. डोळ्यांची जोडी मात्र जन्मास एकच मिळते. तेव्हा, मित्रहो, हा अंक वाचून संपला म्हणजे तो मिटून बाजूस ठेवा, दाराबाहेर या, आणि शिवाराच्या टोकास उभे असलेले झाड थोडा वेळ शांतपणे पाहा.